आरे जंगल नाही म्हणे! मग मेडशीचं तरी आहे का?



या अंकात आम्ही मुंबईची गोष्ट सांगणार आहोत. मेडशीपासून मुंबई पाचशे किलोमीटरच्या वर. काही जण म्हणतील, मुंबईच्या भानगडीशी आपल्याले काय घेणं? आपले दावे इथं अडकले, त्याचं बोला. आम्ही त्याचंच बोलतो आहोत. आपल्या इथं जो डाव टेबलाखाली, तोंडी, "उद्या या" म्हणत खेळला जातो, तोच डाव मुंबईत उघड्यावर, कोर्टात, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर खेळला गेला. तिथं तो नीट दिसतो. म्हणून पाहून घ्या.

हा डाव एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे 'जंगल'.

एकच जमीन, रोज नवं नाव

मुंबईच्या गोरेगाव उपनगरात आरे नावाचा भाग आहे. तिथं वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासींचे पाडे आहेत. सत्तावीस पाडे मोजले जातात. हे लोक भात, भाजीपाला पिकवतात, रानभाज्या आणतात, वाघोबाला मानतात. मुंबई मोठी व्हायच्या आधीपासून ते तिथं आहेत.

१९४९ साली सरकारनं शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी बाहेर न्यायचं ठरवलं. त्यासाठी सुमारे ३,१६० एकरांवर आरे दूध वसाहत उभी केली. पाडे जागचे हलले नाहीत, पण कागदावर जमीन दुग्धविकास खात्याची झाली. म्हशीला पत्ता मिळाला, माणसाला नाही मिळाला.

मग त्या जमिनीचे लचके निघू लागले. चित्रनगरीला जागा दिली, राज्य राखीव पोलीस दलाला दिली, पुढं फोर्स वनला दिली. प्रत्येक वेळी सरकारी कागदात जमीन 'मोकळी' होती. जिथं माणूस राहतो, पिकवतो, आपलं मयत पुरतो, ती जागा साहेबाच्या नकाशात मोकळी कशी असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपलं वावरही तसंच 'मोकळं' आहे.

आरेला लागूनच बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथंही पाडे आहेत. १९९७ साली उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं काढायचा आदेश दिला. झोपडपट्टीवाल्यांसाठी १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीचा पुरावा आणि ७,००० रुपये भरायची अट आली. आदिवासी पाडेही त्याच मापात मोजले गेले. ज्याच्या आज्यानं तिथं भात लावला, त्याला विचारलं जातं की तू ९५ च्या आधी आलास का नंतर?

आता हे ध्यानात घ्या. उद्यानात जमीन 'जंगल' आहे, म्हणून आदिवासी अतिक्रमक. भिंतीपलीकडं आरेत जमीन 'जंगल नाही', म्हणून आदिवासीला वनहक्क नाही. झाडं तीच, बिबट्या तोच, वारलीही तोच. जंगल म्हटलं तरी आपण बाहेर, जंगल नाही म्हटलं तरी आपण बाहेर.

बघता बघता २,१४१ झाडं

मुंबईत कुलाबा–वांद्रे–सीप्झ अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो करायचं ठरलं. तिच्या गाड्या उभ्या करायच्या शेडसाठी आरेतली सुमारे ३३ हेक्टर जागा निवडली. शेडच्या जागेतल्या प्रजापूरपाड्याची घरं आधीच गेली होती. माणसं झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत नेऊन टाकली. ज्याच्या अंगणात कोंबडी फिरत होती, त्याच्या हाती खोलीची चावी आली. खोली म्हणजे वावर नाही, हे देणाऱ्यालाही माहीत होतं.

२९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं दुसरीकडं लावायला मंजुरी दिली. लोक कोर्टात गेले. सरकारनं कोर्टात सांगितलं, आरे हे जंगल नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावून आले, तर जमावबंदी लावली आणि २९ जणांना अटक केली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवा म्हणून सांगितलं, तोवर मेट्रोवाल्यांच्याच हिशेबानं २,१४१ झाडं पडली होती. थांबवायला उरलं काय?

आपल्या माणसानं मोळी आणली, तर बीटगार्ड कुऱ्हाड जप्त करतो. तिथं दोन हजार झाडं पोलीस बंदोबस्तात पडली. कारण एक शब्द बदलला होता. 'जंगल' नसलं की कुऱ्हाडही गुन्हेगार नसते.

वाचवणाऱ्यानं तरी विचारलं का?

आता इथून पुढची गोष्ट नीट ऐका, कारण नेते लोक आपल्याला अर्धीच सांगतात.

तेव्हा शिवसेना मुंबई महापालिकेत सत्तेवर होती. रस्त्यावर ती 'आरे वाचवा' म्हणत होती, आणि मंत्रालयात शेड बांधणाऱ्या सरकारातच बसली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार बदललं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि लगेच शेडच्या कामाला स्थगिती दिली. २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला न्यायचं आणि आरेतली आठशेवर एकर जमीन राखीव वन करायचं जाहीर झालं. २०२१ मध्ये ८१२ एकर वनखात्याच्या हवाली झाली. कांजूरची जागा केंद्राची का राज्याची, यावर भांडण लागलं आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानं तिथलं काम अडवलं. जून २०२२ मध्ये पुन्हा सरकार पालटलं. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि महिन्याभरात शेड परत आरेत आणली. पुढं सर्वोच्च न्यायालयानं ८४ झाडांपुरती मुभा दिली, तर मेट्रोवाल्यांनी जास्तीची परवानगी दुसरीकडूनच मागितली. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये त्यांना १० लाखांचा दंड झाला, आणि झाडं तोडायची परवानगीही मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून पहिली गाडी सुटली.

एक सरकार म्हणालं 'जंगल नाही'. दुसरं म्हणालं 'राखीव जंगल'. तिसरं म्हणालं 'शेड इथंच'. या तिघांत भांडण केवढं! पण एका गोष्टीत तिघंही एक होते. पाड्यावर सभा बोलावून, "तुमचं काय म्हणणं आहे, ते ठराव करून द्या," असं कोणीही म्हटलं नाही.

ठाकरे सरकारनं राखीव वन करताना सांगितलं होतं की आदिवासींचे हक्क अबाधित राहतील. शब्द चांगला आहे. पण अबाधित ठेवायला आधी हक्क कागदावर असावा लागतो. आरेच्या वारल्याच्या हाती ना सातबारा, ना वनहक्काचा पट्टा. मग अबाधित राहिलं काय? हवा? उलट, दुग्धविकास खात्याच्या जागी वनखातं मालक झालं. 'राखीव' या शब्दाचा अर्थ मुंबईच्या भल्या माणसांना वाचवलेली झाडं असा लागतो. आपल्याला तो अर्थ १९२७ च्या वन कायद्यापासून पाठ आहे. राखीव म्हणजे ढोरं हाकला, मोहफुलाला हात लावू नका, आधी साहेबाला विचारा.

आरेसाठी रात्री रस्त्यावर आलेल्या शहरातल्या तरुणांचा आम्ही मान राखतो. त्यांनी मार खाल्ला, ते तुरुंगात गेले. पण त्यांच्याशीही एक गोष्ट रोखठोक बोलायची आहे. तुमच्या फलकांवर बिबट्याचं चित्र होतं, झाडांचा आकडा होता. पाड्याचं नाव किती फलकांवर होतं? झाड वाचलं आणि झाड राखणारा हटला, तर जंगल वाचलं असं आम्ही मानत नाही. ते फक्त पुढच्या मालकासाठी शिल्लक राहिलं.

जिथं ग्रामसभा नाही तिथं काय होतं

आरेचे लोक कमी लढले नाहीत. त्यांचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ते महापालिकेच्या हद्दीत आहेत. तिथं ग्रामपंचायत नाही, म्हणून ग्रामसभा नाही. २२७ नगरसेवकांच्या सभागृहात पाड्याचा आवाज पोचणार कसा? आणि ते सभागृह तरी कुठं होतं? ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांच्या वर देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एका प्रशासकाच्या सहीनं चालली. निवडून आलेला एक माणूस नाही. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही कोणाला विचारायची सोय उरली नव्हती, तिथं पाड्याचं काय घेऊन बसलात!

वनहक्क कायदा शहराच्या हद्दीतल्या वनजमिनीलाही लागू होतो. तिथं वस्तीची, प्रभागाची सभा घेऊन दावे करता येतात, असं केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं २०१५ मध्ये कळवलं. पण तोवर आरेत उशीर झाला होता, आणि पहिलं उत्तर तयारच होतं: हे जंगल नाही.

हे आपल्यासाठी का सांगतो? आपल्याच तालुक्याचं मालेगाव आज नगरपंचायत आहे. गाव मोठं झालं, रस्ता रुंद झाला, की नगरपंचायतीची मागणी होते. दिवे येतात, गटार येते, चांगलंच आहे. पण ज्या दिवशी गाव नगर होतं, त्या दिवशी ग्रामसभा जाते. अकोला–वाशिम रस्ता मेडशीवरून जातो. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. रस्त्याच्या कडेच्या जमिनीचे भाव कुठं गेले, ते तुम्ही पाहताच. उद्या या बाजूला गोदाम येईल, पेट्रोल पंप येईल, आणखी काही येईल. तेव्हा कोणी तरी फाइल उघडेल आणि पहिला प्रश्न विचारेल, "ही जमीन कोणाची?" त्या फाइलीत आपला कागद आधीच नसेल, तर आपलं नाव 'अतिक्रमक' या रकान्यात सापडेल.

आपल्या इथला शब्दांचा खेळ

वाशिम जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या यवतमाळ, अमरावती, नांदेडच्या काही तालुक्यांना पेसा आहे, आपल्याला नाही. मुंबईच्या उपनगरालाही नाही. या बाबतीत आरेचा वारली आणि मेडशी भागातला आंध एकाच होडीत आहेत. आपल्या हाती एकच वल्हं आहे, २००६ चा वनहक्क कायदा. तो पेसा असो नसो, सगळीकडं लागतो. म्हणूनच तो लागू होऊ नये यासाठी शब्दांचा खेळ चालतो.

वनखात्यात गेलं तर म्हणतात, "ही आमची नाही, ई-क्लास आहे, तलाठ्याकडं जा." तलाठ्याकडं गेलं तर, "इथं झाडं हायेत, फॉरेस्टला विचारा." दोघांत आपली चप्पल झिजते. दावा नाकारायचा असला की ती ई-क्लास, ढोरं हाकलायची असली की ती फॉरेस्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या. त्या नोटिसांत वर्षानुवर्षं पेरणारा गरीब आणि काल कंपाउंड घालणारा पुढारी एकाच ओळीत होते. पण ओळ तीच असली तरी जेसीबी कोणाच्या दारात आधी येतो, हे सांगायला नको.

आणि हे काही गावपातळीवरचंच नाही. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जंगल म्हणजे शब्दकोशात जो अर्थ आहे ते, मालकी कोणाचीही असो. २०२३ मध्ये दिल्लीनं वन संवर्धनाचा कायदाच बदलला. सरकारी नोंदीत 'वन' म्हणून असेल तेवढंच जंगल, असा त्याचा सूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की तूर्त जुनाच अर्थ धरा. जंगल वळवायच्या आधी ग्रामसभेची संमती घ्या, असं पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्र होतं. २०२२ च्या नियमांनी ते काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडं ढकललं. म्हणजे आधी मंजुरी, मग विचारणा. लग्न लावून झाल्यावर पोरीला पसंती विचारायची, अशातली गत.

आरेची झाडं पडली त्याच २०१९ सालच्या १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं नाकारलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढायला सांगितलं होतं. देशभर लोक उठले, म्हणून २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती आली. स्थगिती म्हणजे माफी नाही. 'अपात्र' म्हणून शिक्का बसलेला प्रत्येक दावा अजून टांगलेलाच आहे.

तर मग करायचं काय?

"कागदानं काय होते?" असं विचारणारे आपल्यातच आहेत. त्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा लेखाकडं पाहावं. २००९ मध्ये त्या गावानं सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा कागद मिळवला. पुढं त्या जंगलातला बांबू गावानं स्वतः विकला. गाव लहान आहे. त्यानं काही दंगल केली नाही. सभा घेतली, ठराव लिहिला, आणि प्रत्येक साहेबाकडून लेखी उत्तर मागितलं. आरेच्या पाड्याकडं नव्हता तो कागद मेंढ्याकडं होता. फरक एवढाच.

"तुम्ही विकासाच्या आड येता," असंही म्हणतील. आम्ही रेल्वेच्या आड नाही, रस्त्याच्या आड नाही. वनहक्क कायद्यातच शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन द्यायची सोय आहे, हेक्टरी ७५ झाडांपर्यंत तोडता येतात. अट एक, ग्रामसभेची शिफारस. शाळेसाठी ग्रामसभेला विचारायचं आणि कंपनीसाठी विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

म्हणून प्रत्येक गावानं, वस्तीनं, तांड्यानं या गोष्टी हाती घ्याव्यात.

एक. वनहक्क समिती जिवंत आहे का पाहा. दहा ते पंधरा माणसं, त्यांत दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बाया. जिथं ती कागदावरच आहे, तिथं ग्रामसभेत नव्यानं निवडा. मोठ्या गटग्रामपंचायतीत आपली वस्ती हरवत असेल, तर वस्तीची सभा मागा. आदिवासी मंत्रालयाच्या १२ जुलै २०१२ च्या सूचना त्यासाठीच आहेत.

दोन. सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे तिथंच घ्या. मागाहून घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांवरच दावे पडतात.

तीन. वैयक्तिक दाव्यावर थांबू नका. चराई, तेंदूपत्ता, मोह, डिंक, पाणवठा यांचा सामूहिक दावा करा, आणि जंगल राखायचा, सांभाळायचा सामूहिक वनसंसाधनाचा दावा वेगळा करा. एकट्याचा पट्टा साहेब एकट्याला धमकावून परत घेऊ शकतो. अख्ख्या गावाला कसा धमकावणार?

चार. जमीन ई-क्लास का फॉरेस्ट, हे तोंडी ऐकून घेऊ नका. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत वर्गवारी न झालेली, हद्द न आखलेली आणि मानीव वनंसुद्धा येतात. जागेवर जाऊन पाहणी करा, जुनी झाडं, देवस्थान, पाणवठे, मसणवटी यांची नोंद करा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहा. म्हातारं माणूस गेलं की पुरावा गेला.

पाच. दावा नाकारला असेल तर कारणासह लेखी मागा. कळवल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडं जाता येतं. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईस्तोवर कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम ४(५) पाठ करून ठेवा. नोटीस घेऊन येणाऱ्याला ते वाचून दाखवा.

सहा. जे आदिवासी नाहीत पण तीन पिढ्या जंगलावर जगले, त्या भावांनाही या कायद्यात जागा आहे. त्यांच्यावरचा पुराव्याचा भार जड आहे, ७५ वर्षांचा. त्यांना सोबत घ्या. आपल्यात भांडण लावून देणं ही नेत्यांची जुनी खोड आहे.

येत्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक झेंड्याला एकच प्रश्न विचारा: "आमच्या ग्रामसभेच्या ठरावाशिवाय आमच्या जंगलातली एक काडी हलणार नाही, हे तुम्ही लिहून देता का?" भाषण नको, लिहून द्या म्हणा. आरेत सगळ्या झेंड्यांनी भाषणं दिली. लिहून कोणीच दिलं नव्हतं.

जंगल कशाला म्हणायचं, हे मंत्रालय ठरवत राहील, कोर्ट ठरवत राहील, सरकारं आलटूनपालटून ठरवत राहतील. त्यांचे शब्द दर पाच वर्षांनी बदलतात. आपण आपला शब्द आत्ताच ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवू, तारीख घालून, अंगठे लावून. हे जंगल आहे, ते आमचं आहे, आणि ते आम्ही राखतो.

ठराव करा, ठरावाची प्रत ठेवा, पोच घ्या!
जंगल जमीन कोणाची? राखणाऱ्यांची, कसणाऱ्यांची!
जोहार!